तीन दिवसांचं सोलापूर: माळढोक दिसेल का, आणि यादीतलं काय गाळावं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. माहेर सोलापूरचं, पण लग्नानंतर सोलापूर म्हणजे लग्नकार्य आणि परतीची गाडी, एवढंच उरलं. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासरे, नवरा आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन तीन दिवस यायचंय. मुलीला प्राणी-पक्षी दाखवायचेत, सासूबाईंना देवदर्शन हवंय. गाडीवाल्यानं यादी दिली आहे: अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, सिद्धेश्वर, नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि भिगवणचे फ्लेमिंगो. हे जमेल का, माळढोक दिसेल का आणि गाईड लागतोच का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, गाडीवाल्याच्या दृष्टीनं जमेल. त्याची यादी किलोमीटरवर चालते. सोलापुरात मुक्काम धरून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि भिगवण असं जाऊन-येऊन केलंत तर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मुलगी मागच्या सीटवर झोपेल, सासूबाईंचे गुडघे धरतील आणि पक्षी दिसायच्या वेळेला, म्हणजे पहाटे नि संध्याकाळी, तुम्ही हायवेवर असाल. गेली बावीस वर्षं मी या भागात माणसं फिरवतोय. सुरुवातीला मीही अशाच याद्या करायचो. आता पहिल्या फोनलाच निम्मी ठिकाणं खोडतो.

माळढोकाचं आधी सांगतो, कारण सगळे तोच प्रश्न विचारतात. दिसणार नाही असं धरून चला. हा मीटरभर उंचीचा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. जुनी माणसं त्याच्या घुमण्यावरून त्याला हूम म्हणायची. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं आलं, गुरांचा पाय पडला, की त्या वर्षाचा हिशेब संपला. त्यात या पक्ष्याला बाजूचं चांगलं दिसतं, समोरचं कमी, त्यामुळे उडताना विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. नान्नजला आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. म्हणून जो गाईड 'शंभर टक्के दाखवतो' म्हणेल, त्याचा नंबर तिथंच पुसून टाका.

मग जायचं कशाला? मुलगी हा प्रश्न विचारेलच, तेव्हा तिला पाटीवरच्या नावामागची गोष्ट सांगा. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जवळजवळ ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर हे दोन जिल्हे मिळून. म्हणजे माळाबरोबर गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळं अभयारण्यात. माळढोकाला एवढी गावं लागत नव्हती आणि गावांना माळढोक नको झाला. कुणाचं घर अडलं, कुणाचा जमिनीचा व्यवहार. शेतकऱ्यांना तो पक्षी कमी आणि सात-बाराचं दुखणं जास्त वाटायला लागला. पुढे हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर लोकांच्या मनातला दुरावा पक्का झाला होता. आणखी एक चूक चांगल्या हेतूनं झाली. माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून त्यावर गिरीपुष्पासारखी झाडं लावली गेली. गवताळ रानातल्या पक्ष्याला झाडी म्हणजे संकट, लांबचं दिसत नाही आणि शिकाऱ्याला आडोसा मिळतो. आपल्याकडं वृक्षारोपणाला कुणी नाही म्हणत नाही. माळावर मात्र म्हणावं लागतं.

तर नान्नजला जायचं ते माळ बघायला. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर. वनविभागाकडं आदल्या दिवशी चौकशी करा, नोंद केल्याशिवाय आत शिरू नका. कोणता भाग कधी बंद असेल ते त्यांनाच ठाऊक. हॉटेलातून पहाटे साडेपाचला निघायचं, उजाडताना माळावर पोचायचं. सासूबाईंना त्या दिवशी झोपू द्या.

पहिली वीस मिनिटं काहीच दिसणार नाही. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण मुलं तिथंच कंटाळतात आणि मोठी माणसं फोन काढतात. जंगलात झाड हललं की कळतं. माळावर सगळं गवताच्याच रंगाचं असतं. नजर दूर टाकायची नाही, जवळून सुरू करायची. गाडीपासून दहा पावलांवर मातीचं ढेकूळ वाटतं ते धावायला लागलं, तर तो धाविक. तांबूस छाती, डोळ्यावरून पांढरी पट्टी, चार पावलं पळायचं की थांबायचं. पिवळी माळटिटवी आधी ओरडते, मग दिसते. चंडोल सरळ वर चढतो आणि गात गात खाली येतो. बाभळीच्या शेंड्यावर कापशी, तारेवर नीलपंख. नीलपंखाला सासरे चास म्हणतील, त्यांना बोलू द्या. आमच्याकडच्या ज्येष्ठ माणसांना अर्धे पक्षी ठाऊक असतात, फक्त पुस्तकी नावं नसतात. माझ्या फेऱ्यांमधली उत्तम माहिती कित्येकदा मागच्या सीटवरच्या आजोबांकडून आली आहे.

उन्हं जरा वर आली की काळवीट. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगं. माद्या नि पिल्लं भुरी. कळप उभ्या ज्वारीत शिरला की फक्त शिंगांची टोकं हलताना दिसतात. तो कळप कुणाच्या तरी घासावर चरतोय हेही मुलीला सांगा. शेताच्या बांधावर उभं राहून 'किती सुंदर!' म्हणून ओरडू नका. मालक तिथंच असतो आणि रात्रभर राखणीला जागलेला असतो.

लांडग्याबद्दल जरा सविस्तर सांगायचंय. सोलापूर जिल्हा लांडग्यांच्या अभ्यासात जुनं नाव आहे, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संशोधकांनी नान्नज परिसरात यावर काम केलं आहे. आपला लांडगा थंड प्रदेशातल्या लांडग्याहून लहान, अंगावर केस कमी, रंग वाळल्या गवताचा. डिसेंबर-जानेवारी हा त्याच्या पिल्लांचा काळ, म्हणजे तुम्ही येताय तो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका कॅमेरेवाल्या गटाला नेलं होतं. ओढ्याच्या कडेला घळ होती, तिथं पिल्लं आहेत हे मला एका मेंढक्यानं विश्वासानं सांगितलेलं. मी लांबूनच दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं मला न सांगता दुसरी गाडी केली आणि थेट घळीपर्यंत चाकं नेली. तिसऱ्या दिवशी घळ रिकामी. मादीनं पिल्लं हलवली होती; जगली की नाही, मला कधी कळलं नाही. त्या मेंढक्यानं पुढे दोन वर्षं मला काही सांगितलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मी घळ दाखवत नाही, कितीही पैसे दिले तरी. लांडगा चालता चालता दिसला तर दिसला.

लांडगा दिसो ना दिसो, मेंढका नक्की भेटेल. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. गाडी लांब थांबवा, उतरून राम राम करा, मेंढरांच्या मधून जाऊ नका. लांडग्यानं मेंढरू नेलं तर तो शिव्या घालतो, पण बहुतेकांच्या बोलण्यात शेवटी 'त्याचाबी वाटा हाय' हे येतंच. ज्याचं नुकसान होतं तोच हे म्हणतो, याचा मला अजून अचंबा वाटतो. संस्कृती वेगळ्या दिवशी आणि वन्यजीव वेगळ्या दिवशी अशी यादी करणाऱ्यांना मी म्हणून हसतो. मेंढका, कुत्री, मेंढरं, लांडगा आणि कुसळी गवत हे एकच बिऱ्हाड आहे. माळ नांगरला की सगळेच एकदम उठतात.

दहानंतर माळ शांत होतो. तेव्हा हुरडा. डिसेंबरच्या अखेरीस काही रानांत सुरू झालेला असतो, उशिरा पेरलेली असली तर जानेवारी उजाडतो, म्हणून आधी विचारून घ्या. झगमगीत हुरडा पार्ट्या आता सगळीकडं निघाल्यात, तिथं घसरगुंडी आणि स्पीकर असतो. त्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या शेतावर आगटी पेटवून घ्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचं, सोबत शेंगाची चटणी. ही चटणी उखळात कुटलेली असली तर हाताला तेल लागतं. मिक्सरमधली कोरडी पडते. नंतर ताक प्या, गार पाणी नको. सासरे पथ्यावर असतील तर त्यांना कडक भाकरी आवडेल, ती महिनाभरही टिकते. नाशिकला जाताना घेऊन जा.

दुपारी हॉटेलात झोपा. खरंच झोपा. चार वाजता पुन्हा नान्नज, त्याच माळावर. लोक म्हणतात, सकाळी झालं की! पण हिवाळ्यातली संध्याकाळ ही भोवत्यांची. मध्य आशियाकडून इथवर आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर शेतांवरून नाकतोडे टिपत फिरतात आणि सूर्य टेकला की गवतात मुक्कामाला उतरतात. झाडावर नाही, जमिनीवर. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून गवताला चाटून जातात, एक, मग दुसरा, मग कुठून कुठून येत राहतात. या वेळी बोलायचं नाही, कुणाला ते सांगावंही लागत नाही. अंधार पडता पडता रस्त्यावर रातवा बसलेला असतो, दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. गाडी हळू चालवा, गाड्यांखाली हे पक्षी फार मरतात.

हा झाला मधला दिवस. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलात तर हत्तरसंग कुडल करा, दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटर. फोनच्या नकाशात नुसतं 'कुडल संगम' टाकू नका. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात बसवेश्वरांचं कूडलसंगम आहे, माझे एक पाहुणे विजापूर ओलांडून गेल्यावर मला फोन करत होते. कूडल म्हणजे कन्नडात संगमच. आपल्या कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातले शब्द, 'वाछि तो विजेया होइवा', म्हणजे जो वाचील तो विजयी होईल. मुलीला मान वर करून अक्षरं शोधायला लावा, लगेच उत्तर सांगू नका. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात एकाच शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मूळ लिंग धरून ३६० म्हणतात. सासूबाईंचं एक दर्शन इथं इतक्या शांततेत होईल की त्या पुढच्या रांगांबद्दल तक्रार करणार नाहीत. खाली नदीकाठी पाणटिवळे, धीवर, खंड्या असतातच.

संध्याकाळी सिद्धेश्वर. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवेश्वरांचे समकालीन; तलाव त्यांनी खोदवला आणि सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली असं मानतात. तलावाच्या काठावर भुईकोट किल्ला. तुमचं माहेरच इथलं, मी काय सांगणार, पण मुलीला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या जत्रेची, गोष्ट माहीत नसेल. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. दर संक्रांतीला सात नंदीध्वजांच्या साक्षीनं संमती कट्ट्यावर त्याच्याच अक्षता पडतात. सोलापूरकर मराठी बोलणारा असो, कन्नड, तेलुगू नाहीतर दखनी बोलणारा, त्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत सगळं एकसारखं दिसतं. सुट्टी दोन-तीन आठवडे पुढे ढकलता आली तर मी डोळे झाकून संक्रांत सुचवीन. हुरडा भरात, अक्षता, शोभेचं दारूकाम, आणि माळावर थंडी. फक्त खोल्या फार आधी घ्याव्या लागतील.

शहरात आणखी एक तास काढायचा तर चादरीच्या दुकानात न काढता पूर्व भागात मागावर काढा. पद्मशाली समाजाच्या घरांतून तेलुगू गप्पा आणि मागांची खटखट एकत्र ऐकू येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं २००५ साली, पण जकार्डवर नक्षी कशी उतरते हे डोळ्यांनी बघितल्यावर मुलीला घरातली जुनी चादर वेगळी दिसेल. आत जाण्याआधी विचारा, काम चालू असेल तर दाराशीच थांबा.

भिगवण मात्र या खेपेला गाळाच. तिथं उजनी धरणावर फ्लेमिंगो येतात ते पाणी उथळ झालं की. त्याची चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळायला बनलेली आहे. खोल पाण्यात त्याचं जेवणच नाही. पावसाळा चांगला झाला असेल तर डिसेंबरात धरण काठोकाठ असतं आणि मासेमार तुम्हाला तासभर फिरवून लांबवरचे चार ठिपके दाखवतात. फेब्रुवारी-मार्चला पाणी ओसरून गाळपेर उघडी पडते, तेव्हा या. नाशिकहून तुम्हाला भिगवण तसंही एक स्वतंत्र शनिवार-रविवार आहे. होडीत बसलात तर एकच अट घाला: थव्याजवळ इंजिन बंद. फोटोसाठी थवा उडवून देणारे नावाडी असतात, आणि ते तसं करतात कारण पाहुणेच त्याचे पैसे जास्त देतात. पाणपक्ष्यांची हौस डिसेंबरात भागवायची असेल तर तुळजापूर रस्त्यावर हिप्परगा तलाव जवळ आहे. तिथं एक काळाकुळकुळीत पक्षी पाण्यावर झुंडीनं दिसेल, कपाळावर पांढरा टिळा. त्याचं मराठी नाव वारकरी. मुलीला नाव सांगा आणि सासूबाईंचा चेहरा बघा.

अक्कलकोट आणि तुळजापूर दोन्ही या वेळी नको. पंढरपूर तिसऱ्या दिवशी ठेवा, कारण ते तुमच्या परतीच्या वाटेवर आहे. सकाळी सोलापूरहून मंगळवेढा रस्त्यानं निघा. वाटेत भीमेकाठी माचणूर, तिथं सिद्धेश्वराचं मंदिर आणि शेजारी औरंगजेबाच्या काळातला किल्ला. जवळच्याच ब्रह्मपुरीला त्याची छावणी १६९५ ते १६९९ पडलेली होती. आज घाटावर बगळे आणि कपडे धुणाऱ्या बायका. तासभर पुरे. मंगळवेढा म्हणजे दामाजींचं आणि चोखोबांचं गाव, आणि मालदांडी ज्वारीचं. इथल्या काळ्या जमिनीतली ज्वारी फक्त ओलीवर येते, पावसाचं पाणी जमिनीनं धरून ठेवलेलं असतं तेवढ्यावर. भाकरी खाऊनच पुढे जा. दुपारनंतर पंढरपूर. वर्षअखेरीला गर्दी असते, सासूबाईंना रांग झेपणार नसेल तर मुखदर्शन घ्या. तिथून टेंभुर्णी, करमाळा, नगर करत नाशिक.

गाईड लागतो का? देवळांना नाही, माळाला हवा. निवडताना त्याला दोनच प्रश्न विचारा. गेल्या आठवड्यात काय दिसलं, आणि काय दिसलं नाही. दुसऱ्याचं उत्तर जो पटकन देतो तो रोज जाणारा. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणारा नको, रस्ता सोडून गाडी गवतात घालणारा तर नकोच. नान्नज, वडाळा, मार्डी या बाजूच्या गावातला पोरगा मिळाला तर मोठ्या शहरातून लेन्स घेऊन येणाऱ्यापेक्षा तो बरा. त्याच्या घरात तुमचे पैसे गेले तर लांडग्याकडं बघायची गावाची नजरही थोडी बदलते.

बाकी बारीकसारीक. पहाटे माळावर वारा बोचतो, कानटोपी हवीच, दहानंतर तीच टोपी पिशवीत. कपडे मातकट रंगाचे, मुलीचं ते गुलाबी जर्किन हॉटेलात ठेवा. दुर्बीण एकच असली तरी चालेल, पण ती सगळ्यांत आधी तिच्या गळ्यात. आणि तिला जुने मोजे घाला. कुसळं मोज्यात अशी घुसतात की धुतल्यावरही निघत नाहीत, आम्ही ते मोजे परतीच्या वाटेवर टाकूनच देतो.